अंधारखोलीतले तरंगते झाड

खाली पाणी, वर आकाश, आणि मध्ये अधांतरी तरंगणारे एक झाड. त्याच्या मुळांना जमिनीचा आधार नाही; कुणी अलगद हाताने उपटून ते जरा उंच धरावे, तसे ते स्थिर आहे. चित्र कृष्णधवल आहे. पाहणाऱ्याची नजर प्रथम सांधा शोधू लागते: झाड कुठे संपते, आकाश कुठे सुरू होते, एक तुकडा दुसऱ्याला कुठे जोडला आहे? सांधा सापडत नाही. आजचा पाहणारा ‘संगणकाची करामत’ असे म्हणून पान उलटेल. परंतु हे छायाचित्र १९६९ सालचे आहे, आणि ते घडवणारे जेरी युल्समन यांनी त्यासाठी कात्री वापरली नव्हती, डिंक वापरला नव्हता आणि रंगाचा कुंचलाही वापरला नव्हता. एक अंधारी खोली, तांबडा मंद दिवा, काही निगेटिव्ह आणि प्रकाशाला संवेदनशील असा कागद, एवढीच त्यांची सामग्री होती.

युल्समन यांचा जन्म १९३४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला. रोचेस्टरच्या तंत्रसंस्थेतून १९५७ साली ते पदवीधर झाले, पुढे इंडियाना विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि १९६० साली फ्लॉरिडा विद्यापीठात छायाचित्रण शिकवण्यासाठी ते गेन्सव्हिल या गावी आले. तिथेच त्यांचे उरलेले आयुष्य गेले. २०२२ च्या एप्रिल महिन्यात वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चरित्र म्हणून यात नाट्यमय असे फारसे काही नाही. नाट्य आहे ते त्यांच्या अंधारखोलीत.

कागदावर फक्त जमा होते

ज्या वाचकांनी जुन्या स्टुडिओची अंधारखोली आतून पाहिली असेल, त्यांना एन्लार्जर आठवत असेल. उभ्या खांबावर बसवलेला दिव्याचा डबा, त्याखाली निगेटिव्ह ठेवण्याची फट, त्याखाली भिंग आणि तळाला कागद धरून ठेवणारी चौकट. दिवा लागला की निगेटिव्हमधून गाळून आलेला प्रकाश कागदावर पडतो. निगेटिव्हचा जो भाग काळा, तिथून प्रकाश जात नाही आणि कागद पांढरा राहतो. जो भाग पारदर्शक, तिथे कागद काळा होतो. मात्र हे काळेपण त्या क्षणी दिसत नाही. कागद डेव्हलपरच्या तबकात बुडवेपर्यंत कोराच दिसतो. मग अर्ध्या-एक मिनिटात पाण्याखालून वर यावे तसे चित्र वर येते. पुढे सौम्य आम्लाचे तबक, मग हायपो, आणि शेवटी वाहत्या पाण्यात दीर्घ स्नान.

संयुक्त छायाचित्राचे सारे शास्त्र यातल्या एका गोष्टीवर उभे आहे. कागदावर पडलेला प्रकाश परत घेता येत नाही. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर या खात्यात फक्त जमा होते, वजा काही होत नाही. म्हणून एका कागदावर दोन निगेटिव्ह एकामागून एक उमटवायच्या असतील, तर पहिलीने दुसरीसाठी जागा कोरी सोडलेली असली पाहिजे. तरंगणारे झाड हवे असेल, तर ते झाड लख्ख पांढऱ्या आकाशासमोर उभे असताना टिपायचे. निगेटिव्हवर ते आकाश दाट काळे उमटते आणि प्रकाश अडवून धरते. कागदावर फक्त झाड पडते. भोवतालचा कागद अस्पर्श राहतो आणि दुसऱ्या निगेटिव्हमधले पाणी, ढग, डोंगर त्या रिकाम्या जागेत येऊन बसू शकतात.

प्रत्येक वेळी निसर्ग अशी सोय करून देत नाही. तेव्हा हातात काळे कार्ड घ्यावे लागते. कागदाचा जो भाग पुढच्या निगेटिव्हसाठी राखायचा, त्यावर हे कार्ड धरून प्रकाश अडवायचा. कार्ड कागदाला टेकवले तर सावलीची कड कात्रीने कापल्यासारखी तीक्ष्ण पडते आणि जोड उघडा पडतो. तेच कार्ड कागद आणि भिंग यांच्या मधोमध धरले व सतत किंचित हलते ठेवले, तर कड विरघळते. काळ्याकडून पांढऱ्याकडे ती हळूहळू जाते. दुसऱ्या निगेटिव्हच्या वेळी कार्ड उलट्या बाजूने, तितक्याच उंचीवर आणि तितक्याच लयीत हलवायचे. जिथे दोन्ही प्रतिमा विरत जातात, तिथे त्यांची बेरीज बरोबर एका पूर्ण एक्स्पोजरइतकी व्हायला हवी. सांधा दिसत नाही तो यामुळे. हाताला ही लय बसायला वर्षे लागतात, आणि ती सर्वांच्याच हाताला बसते असेही नाही.

आता या कामात दोनऐवजी पाच निगेटिव्ह असल्याची कल्पना करून पाहावी. एकच एन्लार्जर असेल तर दर वेळी निगेटिव्ह बदलायची, उंची बदलायची, नव्याने फोकस करायचा आणि तोवर अर्धवट कागद उजेडापासून जपून ठेवायचा. एखादा सेकंद चुकला की पुन्हा श्रीगणेशा. युल्समन सुरुवातीला असेच काम करीत. एकदा विद्यापीठाच्या अंधारखोलीत प्रिंट धुऊन निघण्याची वाट पाहत असताना त्यांचे लक्ष विद्यार्थ्यांसाठी ओळीने मांडलेल्या एन्लार्जरांकडे गेले. प्रत्येकात एकेक निगेटिव्ह बसवून ठेवली आणि कागदच एकाकडून दुसऱ्याकडे नेला तर? उपाय ऐकायला अगदी साधा आहे; कारखान्यातला कोणताही फोरमन तो सुचवू शकला असता. पण त्यामुळे मांडणी कायम राहू लागली आणि त्यातला एकच घटक बदलून पुन्हा पाहणे शक्य झाले. पुढे त्यांच्या घरच्या अंधारखोलीतही अर्ध्या डझनाहून अधिक एन्लार्जर रांगेत उभे होते.

काम सुरू होई ते पांढऱ्या साध्या कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघांनी. पहिल्या एन्लार्जरखाली झाडाची बाह्यरेषा काढून घ्यायची. तोच कागद दुसऱ्याखाली नेऊन क्षितिज कुठे येते ते पाहायचे. एन्लार्जर वरखाली करून आकार जुळवायचा. मग प्रत्येक निगेटिव्हसाठी किती सेकंद लागतात, ते कागदाच्या पट्ट्यांवर अजमावायचे. एवढे झाल्यावर खरा कागद हाती घ्यायचा. आणि इतका खटाटोप करून तयार झालेली चित्रे बहुतांशी बाजूला पडत. वर्षाकाठी शंभरभर चित्रे केली तर त्यांतली दहाएक मनाजोगती उतरावीत, असा त्यांचा हिशेब असे.

जुनी वाट

ही विद्या युल्समन यांनी शोधली असे नव्हे. ती छायाचित्रणाइतकीच जवळजवळ जुनी आहे आणि तिचा उगम चमत्काराच्या हौसेतून नव्हे, अडचणीतून झाला. १८५० च्या दशकातील काचेच्या ओल्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असत. समुद्र नीट टिपावा तर आकाश पांढरेफटक होई, आणि ढग टिपावेत तर समुद्र काळवंडे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी त्यावर सरळ उपाय काढला: समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी, आणि दोहोंचा मेळ क्षितिजाच्या रेघेवर. डोळ्यांना जे एकाच वेळी दिसते, ते कागदावर आणण्यासाठी त्यांना दोन वेळची दृश्ये जोडावी लागली. सत्य दाखवण्यासाठी केलेली ही जुळवाजुळव होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मूळचे स्वीडनचे व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे भव्य चित्र सिद्ध केले. एका वृद्ध मार्गदर्शकासमोर दोन तरुण उभे आहेत. एक सदाचाराकडे वळतो, दुसरा विलासाकडे. जवळजवळ ३१ इंच रुंदीच्या या चित्राला सुमारे सहा आठवडे लागले. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत दहा गिनींना विकत घेतली. स्कॉटलंडमधील फोटोग्राफिक सोसायटीने मात्र त्यातील विवस्त्र आकृत्यांमुळे ते मांडायचे नाकारले. रेलँडर यांच्या काळी एन्लार्जर नव्हता. काचेची निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवीत आणि बाकीचा कागद झाकून घेत. पण एक सोय त्यांना होती. त्या कागदावर चित्र उन्हातच उमटताना दिसे. युल्समन यांचा ब्रोमाइड कागद शेवटपर्यंत कोरा राही. त्या अर्थाने नंतरचा माणूस अधिक अंधारात काम करीत होता.

त्यानंतरच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांचे ‘विझत जाणे’ हे चित्र आले. क्षयाने मरणासन्न झालेली तरुण मुलगी, तिच्या उशाशी बहीण, पायथ्याशी आई, खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष. निगेटिव्ह पाच, आणि मरणासन्न म्हणून बसलेली मुलगी ठणठणीत निरोगी. लोक हळहळले, आणि मग रागावले. रंगवलेल्या चित्रात असेच दृश्य असते तर कुणाची तक्रार नव्हती. छायाचित्राने मृत्यूचा बनाव करावा, हे त्यांना सहन झाले नाही.

आपल्याकडेही ही वाट फार लवकर आली. मुंबईत काम करणारे विल्यम जॉन्सन यांनी त्या शहरातल्या विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून आलेला आहे. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते आणि गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओही चालवला होता. त्यांच्या पौराणिक पटांतील चमत्कारांमागे एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेण्याची हीच युक्ती होती. गावोगावच्या स्टुडिओंनी तर तिला फार हळवे काम दिले. पतिपत्नींचा एकत्र फोटो हयातीत कधी निघालाच नाही आणि एकजण निघून गेला, तर जुन्या समूहचित्रातला चेहरा मोठा करून मागे राहिलेल्या जोडीदाराशेजारी बसवून दिला जाई. दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड वेगवेगळ्या दिशांनी आलेला असे, खांद्याची उंची जुळत नसे. तरीही तो फोटो हार घालून भिंतीवर लागे. त्याला कुणी खोटे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

याला छायाचित्र म्हणावे काय?

युल्समन यांना मात्र हा प्रश्न वारंवार ऐकावा लागला. त्यांच्या उमेदीच्या काळात अमेरिकन छायाचित्रणावर एडवर्ड वेस्टन आणि अँसल अॅडम्स यांच्या विचारांचा पगडा होता. बटण दाबण्यापूर्वीच अंतिम चित्र छायाचित्रकाराच्या मनासमोर पूर्ण उभे असले पाहिजे, अंधारखोलीत उरते ते केवळ त्याच्या सिद्धीचे काम, अशी ती शिस्त होती. ही शिस्त थोर आहे; अॅडम्स यांच्या पर्वतांपुढे उभे राहिल्यावर तिच्याविषयी शंका घेणे अवघड जाते. युल्समन यांनी तिचा अव्हेर केला नाही, पण १९६० च्या दशकात तिला एक जोड दिली. कॅमेऱ्याने टिपले म्हणजे पाहणे संपले असे का मानावे? निगेटिव्ह हे टिपण आहे. त्याचा अर्थ पुढे कधीतरी, दुसऱ्या एखाद्या टिपणाच्या शेजारी ठेवल्यावर उमगू शकतो. वर्षानुवर्षे साठवलेल्या निगेटिव्हांचे छोटे मुद्रित ताव समोर पसरून ते तासन्‌तास बसत आणि कोणता खडक कोणत्या हाताला, कोणते दार कोणत्या ढगाला ओळख देते ते पाहत. नंतरच्या या पाहण्यालाही कलेत स्थान आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९६७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि वादाची धार काहीशी बोथट झाली. आपल्या बहुतेक चित्रांना त्यांनी नावच दिले नाही. ‘अनामिक’ आणि साल, एवढीच ओळख. अर्थ लावण्याचे काम पाहणाऱ्याकडे सोपवलेले.

वाद बोथट झाला तरी प्रश्न उरतोच, आणि तो कलावंतांपुरता नाही. बँकेत खाते उघडताना आपण अर्जावर फोटो चिकटवतो, तो ‘हा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला होता’ या विश्वासावर. त्याच विश्वासाचा घात याच तंत्राने झालेला आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी चालणारे निकोलाय येझोव्ह १९४० साली मृत्युदंडाला गेले आणि नंतरच्या प्रतींमध्ये त्यांच्या जागी केवळ कालव्याचे पाणी उरले. तिथेही सांधा दिसत नाही. मग तरंगणारे झाड आणि पुसलेला माणूस यांत फरक कोणता?

माझ्या मते फरक लपवण्याच्या वस्तूत आहे. येझोव्ह पुसणाऱ्याने सांधा लपवला आणि त्याबरोबर सांधले आहे ही गोष्टही लपवली. युल्समन सांधा लपवतात, पण अशक्यता उघड्यावर ठेवतात. पुस्तकांनी भरलेल्या भारदस्त अभ्यासिकेला छत म्हणून ढगांचे आकाश असावे, असे त्यांचे १९७६ सालचे एक चित्र आहे. एका घराच्या भिंती खाली येता येता झाडाच्या मुळांत उतरतात, असेही एक आहे. ही चित्रे पाहून कुणाची फसगत होण्याची शक्यता नाही. आणि तरीही त्यातला प्रत्येक तुकडा खरा आहे: ती मुळे, ते ढग, ते घर कधीतरी, कुठेतरी भिंगासमोर प्रत्यक्ष होते. स्वप्नातही अनोळखी असे फारसे काही येत नाही; येतात त्या ओळखीच्या वस्तू, केवळ भलत्या जागी.

हे आज अधिक जाणवते. एप्रिल २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत मिळालेला पुरस्कार नाकारला, कारण आपण पाठवलेली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली होती, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्या प्रतिमेतल्या स्त्रिया कुठल्याही भिंगासमोर कधीही बसलेल्या नव्हत्या. युल्समन यांच्या चित्राविषयी शंका आली तर पाच निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवता येतात. जुन्या शुद्धतावाद्यांना जे छायाचित्रच वाटत नव्हते, ते या नव्या शेजाऱ्याच्या तुलनेत चांगलेच पुराव्यानिशी उभे आहे.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि १९९४ साली त्यात एकावर एक थर रचण्याची सोय झाली. हे थर म्हणजे रांगेतले एन्लार्जरच. त्यातले उजळ करण्याचे चिन्ह अंधारखोलीतल्या काडीवर बसवलेल्या चकतीचे आहे आणि गडद करण्याचे चिन्ह प्रकाशाला वाट करून देणाऱ्या मुठीचे. ज्यांनी कधी डेव्हलपरचा वास घेतलेला नाही, तेही रोज त्यांवर टिचकी मारतात. त्या दशकाच्या मध्यास कंपनीने युल्समन यांनाही त्यावर चित्र करून पाहण्यास पाचारण केले होते. त्यांनी करून पाहिले, नावे ठेवली नाहीत, आणि ते पुन्हा आपल्या तबकांकडे परतले. संगणकाची गोडी लागली ती त्यांच्या त्या वेळच्या पत्नी, छायाचित्रकार मॅगी टेलर यांना, आणि त्यांनी त्यात स्वतःची कीर्ती मिळवली. एका घरात दोन पद्धती सुखाने नांदल्या.

सामग्रीचा काळ मात्र कठीण गेला. कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवत असल्याचे २००५ साली जाहीर केले. अॅग्फाफोटो त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ‘इंदू’ हे नाव घराघरांत पोहोचवणारा उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखानाही पुढे बंद पडला. इंग्लंडमधील इलफर्ड २००४ साली बुडता बुडता वाचली आणि तिचा कागद आजही निघतो, परदेशातून येत असल्याने महाग पडतो एवढेच.

कुणाच्या माळ्यावर जुना एन्लार्जर असेल आणि न्हाणीघराची खिडकी बंद करण्याची तयारी असेल, तर दोन निगेटिव्हांनी आरंभ करता येईल: एकीत समुद्र, दुसरीत ढग. दोन्हींचे सेकंद आधी पट्टीवर काढावेत. समुद्र उमटवताना वरचा अर्धा भाग कार्डाने झाकावा, ढग उमटवताना खालचा, आणि कार्ड हलते ठेवावे. पहिल्या प्रिंटमध्ये क्षितिजावर बहुधा एक पांढुरकी पट्टी येईल. कार्ड दोन्ही वेळा जास्तच पुढे आले, असा तिचा अर्थ. पट्टी काळी आली तर कार्ड दोन्ही वेळा मागे राहिले. तिसऱ्या-चौथ्या कागदाला ती पुसट होऊ लागते.